सील बदलले, गळती राहिली

ज्या समाजात वस्तूची किंमत ठरविण्याची रीत पक्की झालेली असते, परंतु ती वस्तू कोठे, केव्हा आणि कशासाठी बसवावयाची याचा निर्णय करणाऱ्या बुद्धीची किंमत ठरविण्याची रीत मुळी निर्माणच झालेली नसते, त्या समाजात दुरुस्त्या पुष्कळ होतात आणि दुरुस्त मात्र फारसे काही होत नाही. हे विधान पटवून देण्यासाठी पूल, धरणे किंवा नळयोजना यांसारख्या भव्य विषयांकडे वळण्याचे प्रयोजन नाही. एखाद्या जुन्या मालमोटारीच्या मागच्या चाकातून पाझरणाऱ्या तेलाचा दाखला त्यास पुरेसा आहे. किंबहुना विषय जितका क्षुद्र, तितका त्यातील दोष स्वच्छ दिसतो, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे.

प्रथम या मालमोटारींविषयी थोडेसे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ साली मुंबईतील कुर्ला येथे मोटारींची जुळणी सुरू केली आणि पुढे डॉज व फार्गो या नावांचे ट्रक त्याच कारखान्यातून बाहेर पडू लागले. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीतील डाइमलर-बेन्झ कंपनीशी हात मिळवून जमशेदपूर येथे ट्रक बांधावयास घेतले आणि १९६९ साली तो करार संपेपर्यंत त्या गाड्यांच्या कपाळावर तीन टोकांचा तारा झळकत राहिला. स्वातंत्र्योत्तर काळातील ऊस, कापूस, कांदा, सिमेंट आणि लोखंड यांची ने-आण ज्या चाकांवर झाली ती चाके मोठ्या प्रमाणात या गाड्यांची होती. आज त्यांपैकी ज्या थोड्या हयात आहेत त्या वाहतुकीच्या धंद्यातून वर आलेल्या घराण्यांच्या आवारात, चित्रपटांस जुनी वाहने भाड्याने देणाऱ्यांच्या गोदामात अथवा हौशी संग्राहकांच्या शेडमध्ये उभ्या असतात. आणि त्यांच्या मालकांच्या तक्रारींत मागच्या आक्सलचे ऑइल सील गळण्याची तक्रार हमखास असते.

या तक्रारीचे स्वरूप समजण्यासाठी आक्सलची रचना ध्यानात घेतली पाहिजे. जड ट्रकच्या मागच्या आक्सलमध्ये गाडीचे व मालाचे सर्व ओझे आक्सलच्या बाहेरच्या नळीवर असते. चाकाचे हब त्या नळीच्या टोकावर दोन निमुळत्या रोलर-बेअरिंगांवर फिरते, आणि आतील दांडा, ज्याला गॅरेजमध्ये आक्सल-शाफ्ट म्हणतात, तो केवळ चाकाला फिरविण्याचे काम करतो, भार वाहण्याचे नाही. मधल्या फुगीर हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाके गिअर-ऑइलमध्ये बुडून फिरत असतात व त्यांनी उडविलेले तेल दोन्ही नळ्यांतून चाकांच्या दिशेने धाव घेते. त्या तेलास वाटेत थोपविणे हे सीलचे कर्तव्य होय. कित्येक जुन्या गाड्यांत हबची बेअरिंगे ग्रीसवर चालतात. तेथे आतील एक सील तेलाला ग्रीसपासून दूर ठेवते व हबच्या आतल्या बाजूचे दुसरे सील ग्रीसला ब्रेकच्या ड्रमपासून दूर ठेवते. या दोहोंपैकी आतील सील निकामी झाले म्हणजे तेल हबमध्ये शिरते, ग्रीस पातळ होते, आणि ते पातळ मिश्रण बाहेरच्या सीलच्या आवाक्याबाहेर जाऊन ब्रेक-शूवर उतरते. डोळ्यांस दिसते ती गळती बाहेरच्या सीलची. अपराध असतो आतल्याचा. बाहेरचे सील बदलून गाडी परत करणारा मिस्त्री लबाड असतो असे नव्हे. त्याला गळती जेथे दिसली तेथे त्याने हात घातला, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की चार थेंब तेल जमिनीवर पडले तर एवढा ऊहापोह कशाला? परंतु ते तेल जमिनीवर पडण्यापूर्वी ड्रममध्ये पडते ही गोष्ट विसरता कामा नये. तेलाने माखलेले ब्रेक-शूवरील लायनर त्या चाकाला धरत नाही, दुसऱ्या बाजूचे चाक मात्र धरते, आणि ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाते. कसारा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना हा प्रकार घडला तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. शिवाय लायनरच्या अंगात मुरलेले तेल पेट्रोलने धुऊन पुरते जात नाही. लायनर तापले की ते पुन्हा वर येते. म्हणून सील गळाले की त्या चाकाचे लायनर बदलावे लागतात, आणि दोन्ही बाजूंची पकड सारखी राहावी म्हणून जोडीच्या चाकाचेही बदलावे लागतात. त्यातही जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ हवेच्या दाबाने झटकून टाकण्याची जी गॅरेजमधील सवय आहे ती फुप्फुसास घातक आहे, हे सांगणारा माणूस तेथे क्वचितच असतो. तेव्हा अल्प मोलाच्या एका कड्याच्या चुकीपायी केवढा खर्च आणि केवढी जोखीम उभी राहते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हे कडे दिसावयास जितके साधे, तितकेच त्याचे कार्य सूक्ष्म आहे. पूर्वी ते चामड्याचे असे. जर्मनीतील वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाची कातडी कमावणारी पेढी होती. १९२९ च्या सुमारास मंदीने कातड्याचा व्यापार बसला तेव्हा त्या पेढीने चामड्याची सिले करावयास आरंभ केला, आणि तेथील वाल्टर झिमर या अभियंत्याने पुढे जे सील सिद्ध केले त्यावर त्याच्या आडनावाची मुद्रा उमटली. १९३० च्या दशकात कृत्रिम रबर आले व क्रमाक्रमाने चामड्याची जागा त्याने घेतली. चामड्याचे असो वा रबराचे, तत्त्व एकच: एक पातळ ओठ, ज्याला मिस्त्री लिप म्हणतात, फिरत्या पृष्ठभागावर टेकलेला, आणि त्याला आवळून धरणारी केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. सामान्य समजूत अशी की हा ओठ जितका घट्ट दाबावा तितके तेल अडेल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ओठ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये मायक्रॉनच्या मापाचा तेलाचा थर असावाच लागतो; तो नसेल तर ओठ काही काळातच घासून जळतो. म्हणून पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करणे हाही दोषच ठरतो, कारण त्यावर तेल टिकत नाही. आणि पॉलिश-पेपर तिरकस फिरवून त्यावर आट्यांसारखे चरे पाडणे हा त्याहून मोठा दोष, कारण चाक फिरू लागताच ते चरे पंपाप्रमाणे तेल बाहेर ढकलतात. पेपर फिरवावयाचाच तर तो परिघाच्या दिशेने, हलक्या हाताने. हे ज्ञान कोणत्याही सीलच्या वेष्टनात बांधून मिळत नाही.

आता गळतीची कारणे पाहू, आणि ती स्वस्ताकडून महागाकडे या क्रमाने पाहू, कारण सुज्ञ कारागिराचा क्रमही तोच असतो. पहिले, जे गळते आहे ते काय आहे? गिअर-ऑइल जाड असते व त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे त्याला एक उग्र वास येतो. ब्रेक-ऑइल पातळ असते आणि रंग खाते. ग्रीसचे लपके पडतात. वास घेण्यास काही खर्च लागत नाही, तरीही ब्रेकच्या सिलिंडरची गळती आक्सल-सीलच्या माथी मारली गेल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या गॅरेजात ऐकावयास मिळतील. दुसरे, तेलाची पातळी. हौसिंगच्या बुचाच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत तेल असावे असा संकेत असताना, ‘थोडे जास्त असलेले बरे’ या भोळ्या न्यायाने वर भरलेले तेल सीलवर सतत चढाई करीत राहते. आणि गाडी एका अंगाला कलती करून दिवसचे दिवस उभी ठेवली तर सगळे तेल खालच्या चाकाकडे जमते. तिसरे, ब्रीदर. हौसिंगच्या माथ्यावर हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेली ही टिचभर वाट चिखलाने, रंगाने किंवा वर्षानुवर्षांच्या धुळीने बुजते, आणि मग गाडी चालून तेल तापले की आत कोंडलेली हवा बाहेर पडण्यास दुसरी वाट शोधते. बंद जागेतील हवा ३० अंश सेल्सियसवरून ९० अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब सुमारे एक-पंचमांशाने वाढतो, हे शाळेतील पदार्थविज्ञानावरून कोणालाही काढता येईल. सीलची घडण तेल अडविण्यासाठी आहे, असा दाब दर फेरीस सोसण्यासाठी नव्हे. ब्रीदर बुजलेला ठेवून नवे सील बसविणे म्हणजे छपराची कौले न चाळता ओल आलेल्या भिंतीस चुना देणे होय.

चौथे कारण बेअरिंग. हबची बेअरिंगे झिजली किंवा त्यांचा नट सैल राहिला की चाक डोलते, आणि डोलणाऱ्या चाकाबरोबर सीलचा ओठ एका बाजूस दाबला जातो, दुसऱ्या बाजूस उघडा पडतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहिले तर हा सैलपणा हातालाच कळतो. परंतु हात लावून पाहावयाचे मनात आले पाहिजे. पाचवे कारण, ज्या पृष्ठभागावर ओठ घासतो त्यावर पडलेली घळ. रबराने पोलाद झिजावे हे ऐकणाऱ्यास खोटे वाटते, पण ओठाखाली अडकलेली बारीक धूळ वर्षानुवर्षे सानेसारखी घासत राहते व बोटाच्या नखाला लागेल एवढी खाच पडते. या खाचेत नवे सील कितीही मोलाचे आणले तरी ते गळणारच. उपाय तीन आहेत: जागा असल्यास सील किंचित आत-बाहेर बसवून ओठाला कोरी वाट देणे, खाचेवर पातळ पोलादी बाही चढविणे, अथवा भराव देऊन लेथवर तो पृष्ठभाग पुन्हा मापात आणणे. तिहींपैकी कोणता उपाय कोठे योग्य याचा निर्णय गाडीगणिक बदलतो.

या सर्वांनंतर प्रत्यक्ष सील बसविण्याचे काम येते, आणि ते खरोखर सरळ आहे. पुढची चाके दगड लावून अडवावी, गाडी उचलून हौसिंगखाली घोडी द्यावी, केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये; फ्लँजचे नट सोडून शाफ्ट ओढून घ्यावा, खाली ताट ठेवावे; नट-वॉशर काढून ड्रमसकट हब बाहेर घ्यावे; जुने सील काढताना त्याच्या घरास ओरखडा पडू देऊ नये. नव्या सीलचा ओठ तेलाच्या दिशेस तोंड करून असावा, त्याला आधी तेल लावलेले असावे, आणि ते मापाच्या नळीने सारखे दाबून बसवावे. एका कडेवर हातोडीचे घाव घालून नव्हे. चामड्याचे सील असेल तर ते बसविण्यापूर्वी तेलात मुरवावे लागते. बेअरिंगचा नट चाक फिरवीत आवळून मग पुस्तकात दिल्याप्रमाणे मागे घ्यावा आणि वॉशरचा कान वळवून तो बंद करावा. हे काम सरावलेले दोन हात एका दिवसात आटोपतील. त्याच्या आधीचे काम, म्हणजे कारणाचा शोध, कधी पाच मिनिटांत होतो, कधी त्याला अर्धा दिवस लागतो. आणि त्या अर्ध्या दिवसाचा मोबदला कोणत्याही देयकात लिहिलेला नसतो.

माझ्या प्रतिपादनाचा गाभा येथे आहे. आपली दुरुस्तीची देयके दोनच रकाने ओळखतात: सुटे भाग आणि मजुरी, आणि मजुरीही जो भाग बदलला त्याच्या अनुषंगाने धरली जाते. ज्याने वास घेऊन, पातळी तपासून, ब्रीदर मोकळा करून एकही नवा जिन्नस न वापरता गळती थांबविली, त्याला मालक चहा पाजून निरोप देतो. ज्याने काही न पाहता दोन्ही बाजूंची सिले, बेअरिंगे आणि लायनर नवे घातले, त्याच्या हाती भरघोस रक्कम पडते, आणि काही महिन्यांनी गळती परत आली की पुन्हा पडते. या व्यवस्थेत मिस्त्रीने विचार करावा अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे त्याने स्वखर्चाने सदाचार पाळावा अशी अपेक्षा बाळगणे आहे. सरकारी आणि निमसरकारी दफ्तरांचीही तीच तऱ्हा. तेथे भाग खरीदण्यास तरतूद असते, मंजुरी मिळते, जुना भाग भांडारात जमा केल्याची नोंद होते. ‘तपासले, बदलावयास नको असे आढळले’ या शेऱ्याची किंमत मात्र शून्य धरली जाते, आणि क्वचित तो शेरा लिहिणाऱ्यावरच आळसाचा आरोप येतो.

यावर एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. काळ बदलला, आज मनुष्याचा वेळ महाग व वस्तू स्वस्त झाली, नव्या गाड्यांत कित्येक ठिकाणी हब आणि बेअरिंग एकसंध संच म्हणून येतात आणि ते तसेच बदलणे किफायतशीर ठरते, मग निदानाचा हा आग्रह गतकाळाविषयीच्या ममत्वापोटी तर नाही? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. संच बदलूनही ब्रीदर बुजलेलाच राहतो, तेल जास्तच भरले जाते, आणि मग नवा संचही गळतो. जुना ट्रक एवढेच करतो की या सत्यास लपू देत नाही: त्याचे भाग दुकानात सहज मिळत नाहीत, मापाचे सील शोधण्यास जुन्या बाजारांत हिंडावे लागते, म्हणून एकदा बसविलेला भाग वाया जाणे त्याच्या मालकास परवडत नाही आणि त्याला विचार करणे भाग पडते. टंचाईने जी शिस्त लावली ती सुबत्तेत टाकून द्यावी, असे म्हणण्यास मला आधार दिसत नाही. जुन्या गाड्यांनी हमरस्त्यावर माल वाहावा असे मी म्हणत नाही. सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा जो केंद्राचा निर्णय झाला, त्यामागील प्रदूषणाचा व सुरक्षिततेचा हेतू मला मान्य आहे. मोडीत काढावयाची ती गाडी काढावी. तिच्याबरोबर तिची परीक्षा करण्याची विद्या मोडीत निघू नये, एवढेच मागणे आहे.

ती विद्या टिकविण्याचे मार्गही फार खर्चाचे नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. त्याच्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती तुटका भाग देऊन ‘हा बदल’ असे सांगण्याऐवजी, कारण लपवून ठेवलेला गळका आक्सल त्याच्यापुढे ठेवावा आणि त्याने काय बदलले यापेक्षा काय बदलले नाही व का बदलले नाही यावर गुण द्यावेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून आणि गावोगावच्या आगारांतून निवृत्त झालेल्या कारागिरांचे अनुभव लिहून घेण्याची तजवीज महामंडळाने अवश्य करावी. कारण त्यांपैकी पुष्कळांचे ज्ञान कागदावर कधीच उतरलेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमून शेती-अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे प्रथम निवडली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्या हक्काचा अर्थ सुटे भाग मिळण्याचा हक्क एवढाच घेतला गेला तर तो निम्माच हक्क ठरेल. ज्या गाडीचे उत्पादन बंद झाले तिच्या दुरुस्तीची पुस्तके, मापे आणि नकाशे सार्वजनिक ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन उत्पादकावर असले पाहिजे.

तद्वतच हौशी संग्राहकांनाही एक विनंती आहे. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ साली जे नियम केले, त्यांत खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींचा विचार आहे व त्यांचे मूळ रूप राखण्यावर कटाक्ष आहे. मालमोटारीला त्या सन्मानात रीतसर जागा नाही, ही उणीव दूर व्हावयास हवी. पण मूळ रूपाचा आग्रह धरताना चामड्याचे मूळ सीलच हवे असा हट्ट करणे अविवेकाचे आहे. आत, कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी, उत्तम रबराचे सील बसविल्याने गाडीच्या ऐतिहासिकतेस बाध येत नाही. ब्रेक निकामी होऊन ती दरीत गेली तर मात्र येतो.

शेवटी प्रश्न एका व्यवहाराचा आहे, आणि तो प्रत्येक वाहनमालकास उद्यापासून करता येण्यासारखा आहे. गाडी गॅरेजमध्ये देताना तपासणी व निदान यांचा मोबदला आधी वेगळा ठरवावा, आणि काहीही बदलावे लागले नाही तरी तो पुरा द्यावा. सरकारी खात्यांनी आपल्या दरपत्रकांत हाच रकाना घालावा. असे झाल्यास भाग बदलण्यात जितका लाभ आहे तितकाच न बदलण्यातही मिस्त्रीस राहील, आणि खरे कारण सांगण्याचा दंड त्याला भरावा लागणार नाही. लोकांना प्रामाणिक होण्याचा उपदेश करण्यापेक्षा प्रामाणिकपणा परवडेल अशी देयकांची मांडणी करणे हे अधिक फलदायी असते. आणि गळती आक्सलची असो वा सार्वजनिक तिजोरीची, ती थांबविण्याचा आरंभ तेथूनच करावा लागेल.